मॅथ्यू बेली

मॅथ्यू बेली (२७ ऑक्टोबर, इ.स. १७६१ – २३ सप्टेंबर, इ.स. १८२३) हे स्कॉटिश डॉक्टर व शरीररचनाशास्त्रज्ञ होते. आरशातील प्रतिमेप्रमाणे अवयवांची मांडणी उलटी असलेल्या मानवी शरीराचे तपशीलवार वर्णन त्यांनी इ.स. १७८८ मध्ये प्रसिद्ध केले. या अवस्थेला आज सायटस इन्व्हर्सस म्हणतात.

जीवन

बेली यांचा जन्म लॅनार्कशायरमधील शॉट्स येथे झाला. नाटककार व कवयित्री जोआना बेली या त्यांच्या भगिनी होत. ग्लासगो व ऑक्सफर्ड येथील शिक्षणानंतर ते लंडनमध्ये मामा विल्यम हंटर यांच्याकडे शरीररचनाशास्त्र शिकले. इ.स. १७८३ मध्ये हंटर वारले व ग्रेट विंडमिल स्ट्रीटवरील त्यांच्या शाळेत शिकविण्याचे काम बेली यांच्याकडे आले. वारशात मिळालेली लाँग काल्डरवुडची मालमत्ता मात्र त्यांनी धाकटे मामा जॉन हंटर यांना देऊन टाकली. दोघा हंटर बंधूंमध्ये वितुष्ट असल्याने मृत्युपत्रात जॉन यांना डावलले गेले होते.

उलट्या अवयवांचे शरीर

याच शाळेच्या विच्छेदनगृहात आलेल्या एका पुरुषाच्या शवात हृदयाचे टोक उजवीकडे, यकृत डावीकडे आणि प्लीहा उजवीकडे आढळली. छाती व पोटातील सर्वच अवयव व रक्तवाहिन्या उलट बाजूस होत्या; परंतु त्यांचे परस्परसंबंध बिघडलेले नव्हते. त्यामुळे असा मनुष्य प्रौढ वयापर्यंत जगू शकला, हे बेली यांच्या निरीक्षणाचे खरे मोल. संपूर्ण व्यत्यास हा स्वतः रोग नव्हे. अडचण येते ती निदानात.

त्या काळी ही स्थिती बहुधा मृत्यूनंतरच कळे. छातीवर बोटांनी ठोकून तपासण्याची आउएनब्रुगर यांची पद्धत इ.स. १७६१ पासून छापील स्वरूपात उपलब्ध असूनही फारशी वापरात नव्हती, स्टेथोस्कोप इ.स. १८१६ मध्ये आला. आता हृदयाचे ठोके उजवीकडे व यकृताचा बद्द आवाज डावीकडे लागल्यास डॉक्टरांना शंका येते. तरीही फसगत होते. आंत्रपुच्छाच्या दाहाची वेदना डाव्या ओटीपोटात असू शकते, क्ष-किरण चित्र उलटे धरल्याचा समज होतो आणि ईसीजीतील उलट्या लहरींचे खापर हातांच्या तारांच्या अदलाबदलीवर फुटते. छातीवरील लीडच्या नोंदी पाहिल्या की हा शेवटचा घोटाळा सुटतो.

पुढील कार्य

इ.स. १७८७ मध्ये बेली सेंट जॉर्जेस रुग्णालयात डॉक्टर झाले. इ.स. १७९३ मधील त्यांच्या विकृत शरीररचनेवरील ग्रंथात विकारांची मांडणी अवयवांनुसार केली आहे. यकृताचा सिऱ्होसिस व फुप्फुसांचा एम्फिसीमा यांची वर्णने त्यात आढळतात. पुढे ते राजे तिसरे जॉर्ज यांचे वैद्य झाले. क्षयाने ग्लॉस्टरशायरमधील डंटिसबोर्न येथे त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये त्यांचा अर्धपुतळा आहे.