पाच बोटांत सगळी अक्षरं बसवणारा तारवाला: ज्याच्या कोडवरून कोर्टकचेरी झाली आणि एक खूनही पडला

समजा तुम्ही एका पेन ड्राइव्हवर 'लग्नपत्रिका' नावाची फाईल टाकली, नाव अगदी मराठीत. पेन ड्राइव्ह नेहमीच्या फॅट फॉरमॅटचा. तो लिनक्स असलेल्या लॅपटॉपला लावला की आधी पेन ड्राइव्ह स्वतःचं आणि आपल्या कंपनीचं नाव सांगतो. मग त्यावरच्या फाईलींची नावं वाचली जातात. ही सगळी नावं आत यूटीएफ-१६ पद्धतीत लिहिलेली असतात आणि लॅपटॉपला हवी असतात यूटीएफ-८ मध्ये.

आता यूएसबी सांभाळणारा भाग वेगळा आणि फाईली सांभाळणारा वेगळा. पण अक्षरं बदलून देणारा कोड दोघांनी आपापला लिहिलेला नाही. तो कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, एकाच ठिकाणी ठेवलाय आणि दोघंही तोच वापरतात. कारण एकच काम दोन जागी लिहिलं की चूक एकीकडे दुरुस्त होते आणि दुसरीकडे तशीच राहते.

अक्षरांचा एकच ठरलेला तक्ता आणि तो सगळ्यांनी मिळून वापरायचा, हे आज कुणाला विशेष वाटत नाही. पण दीडशे वर्षांपूर्वी हेच करायला निघालेल्या एका माणसाचं अर्धं आयुष्य त्यात गेलं.

त्या माणसाचं नाव एमिल बोदो.

११ सप्टेंबर १८४५ ला फ्रान्सच्या ओत-मार्न भागातल्या एका खेड्यात तो जन्मला. घरी शेती. शिक्षण फक्त गावच्या प्राथमिक शाळेपर्यंत. त्यानंतर वडिलांच्या शेतात राबणं. १८६९ मध्ये, चोविशीच्या आसपास, तो फ्रान्सच्या तार खात्यात शिकाऊ ऑपरेटर म्हणून चिकटला. पुढच्याच वर्षी प्रशियाशी युद्ध पेटलं, तिकडे जाऊन आला आणि १८७२ मध्ये पॅरिसला परतला.

तार खात्यात तेव्हा मोर्सचा कट्ट-कडकट्ट चालायचा. मोर्समध्ये प्रत्येक अक्षराची लांबी वेगळी. इंग्रजी 'ई' म्हणजे एकच टिंब, तर 'क्यू'ला चार खुणा. माणसाच्या कानाला हे चालतं, सरावाने जमतं. यंत्राला मात्र अक्षर कुठे संपलं तेच कळत नाही. दुसरं होतं ह्यूजचं यंत्र. ते थेट अक्षरं छापायचं, पण एका वेळी अख्खी तार अडवून बसायचं. शेकडो किलोमीटरची महागडी तार, आणि त्यावर एका वेळी एकच माणूस बोलणार!

बोदोने खात्याला नवीन यंत्राची कल्पना सांगितली. खात्याने प्रोत्साहन दिलं, पण काम स्वतःच्या वेळेत करायचं या बोलीवर. म्हणजे दिवसा नोकरी आणि उरलेल्या वेळात यंत्र. १७ जून १८७४ ला त्याने पहिलं पेटंट घेतलं.

त्याची युक्ती अशी. प्रत्येक अक्षर सारख्याच लांबीचं करायचं. सुरुवातीला त्याने सहा खुणा धरल्या होत्या, १८७६ मध्ये त्या पाचवर आणल्या. प्रत्येक जागी करंट एक तर या बाजूचा, नाहीतर त्या बाजूचा. पाच जागांच्या एकूण जुळण्या होतात ३२. अक्षरं, आकडे, विरामचिन्हं मिळून ३२ मध्ये मावत नाहीत, म्हणून त्यातल्या दोन जुळण्या त्याने बदलाच्या खुणा म्हणून राखून ठेवल्या. एक खूण आली की पुढचं सगळं अक्षरं समजायचं, दुसरी आली की आकडे आणि चिन्हं. मोबाईलच्या कीबोर्डवर आपण १२३ दाबतो, तोच प्रकार. यात एक गोची होती. बदलाची खूण वाटेत हरवली, तर पुढची अख्खी ओळ बिघडायची.

अक्षरं सारख्या लांबीची झाल्यामुळे दुसरा फायदाही निघाला. दोन्ही टोकांना एकाच वेगाने फिरणारे ब्रश बसवले आणि ते आळीपाळीने प्रत्येक ऑपरेटरला तारेशी जोडायचे. एकाचं अक्षर गेलं की लगेच पुढच्याची पाळी. त्यामुळे एकाच तारेवर चार जण, पुढे सहा जणही, एकाच वेळी काम करायला लागले. कर्नल एकाच प्रोसेसरवर दहा अ‍ॅप चालवतो तेव्हा पाळ्या लावायची पद्धत साधारण हीच असते.

ऑपरेटरचे मात्र हाल होते. समोर पियानोसारख्या फक्त पाच पट्ट्या, दोन डाव्या हाताला आणि तीन उजव्या हाताला. कोड पाठ पाहिजे आणि ताल चुकता कामा नये. आपली पाळी आली की यंत्रातून टक् असा आवाज यायचा आणि त्या ठेक्यावरच पुढचं अक्षर दाबायचं.

१८७७ मध्ये पॅरिस-बोर्दो तारेवर चाचणी झाली. १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात बोदोला सुवर्णपदक मिळालं. शेतकऱ्याचा पोरगा देशभर गाजला.

पण त्याच काळात कोर्टाची पायरीही चढावी लागली. लुई व्हिक्टर मिमो हा दुसरा तार ऑपरेटर. त्यानेही १८७४ मध्येच पाच तारांचं यंत्र काढून पेटंट घेतलं होतं, पण खात्याने त्याचं यंत्र घेतलं नाही. त्यात सुधारणा करून त्याने पुन्हा पेटंट घेतलं, तेही नाकारलं गेलं. तोवर बोदो काही आठवड्यांनी पुढे निघून गेला होता. पाचाचा कोड मूळचा आपला, असं म्हणत मिमोने १८७७ मध्ये दावा लावला.

आणि पहिल्या फेरीत तो जिंकला! कोर्टाने म्हटलं की कोड आधी मिमोचा, बोदोने फक्त सुधारणा केल्या. दोघांनाही हा निकाल पटला नाही. पुढे निकाल फिरला आणि खर्चही मिमोच्याच गळ्यात पडला.

खरं बघायला गेलं तर पाच खुणांची कल्पना दोघांचीही नव्हती. जर्मनीत गाउस आणि वेबर यांनी ती आधीच वापरली होती. छपाईची कल्पना ह्यूजकडून आणि पाळ्या लावण्याची मेयर नावाच्या तंत्रज्ञाकडून आलेली. बोदोने हे सगळं जुळवून, रोजच्या कामात टिकेल असं यंत्र बनवलं. हे श्रेय त्याचंच. पण मिमोला जे बोचत होतं ते निव्वळ वेडही नव्हतं.

पुढे मात्र मिमोचा तोल सुटला. त्याने पेटंटची मुदतवाढ, एक लाख फ्रँक आणि 'लेजिओं दॉनर' हा सन्मान मागितला. तार संशोधनाचे प्रमुख ज्यूल रेनो यांच्या समितीने मागण्या फेटाळल्या. निर्णय कळल्यावर मिमोने रेनो यांना गोळ्या घालून ठार केलं. त्याला सक्तमजुरी आणि हद्दपारीची शिक्षा झाली.

बोदोच्या घरीही सुख टिकलं नाही. जानेवारी १८९० मध्ये, चव्वेचाळिसाव्या वर्षी त्याचं लग्न झालं. एप्रिलमध्ये बायको गेली. तो काम करत राहिला. १८९४ मध्ये पॅरिस आणि मिलानचे शेअर बाजार त्याने एका तारेने जोडून दिले. तब्येत मात्र आधीपासूनच साथ देत नव्हती. २८ मार्च १९०३ ला पॅरिसजवळ त्याचं निधन झालं. वय ५७.

मूळ कोड पुढे बदलत गेला, त्यातून टेलेक्सचा पाच खुणांचा कोड आला आणि १९६३ मध्ये सात बिटांचा आस्की. वेग मोजायच्या एककाला बोदोवरून 'बॉड' नाव पडलं. लिनक्सच्या कर्नलमध्ये बॉडचा एक तक्ता आजही आहे, सिरियल पोर्टच्या वेगवेगळ्या ड्रायव्हरांनी मिळून वापरायचा. त्यात वरचा आकडा ४० लाखांपर्यंत जातो आणि शून्य सोडलं तर सगळ्यात खालचा आहे ५०. टेलेक्स याच वेगाने चालायचा. त्याच सेटिंगमध्ये एका अक्षराला किती बिट द्यायचे हेही निवडता येतं. आठ, सात, सहा किंवा पाच.