मेफ्लॉवर हॉटेलातील दूरध्वनी : बिल विल्सन यांची जीवनकथा

१९३५ च्या मे महिन्यातील एका शनिवारी, अमेरिकेच्या ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन शहरात, मेफ्लॉवर हॉटेलच्या दर्शनी दालनात एक मनुष्य अस्वस्थपणे येरझाऱ्या घालीत होता. दालनाच्या एका टोकाला मद्यगृह होते आणि तेथून हास्यविनोदाचे सूर कानी येत होते. दुसऱ्या टोकाला दूरध्वनी होता व जवळच शहरातील चर्चेसची यादी लावलेली होती. त्या मनुष्याने पाच महिने मद्याला स्पर्श केला नव्हता. आज मात्र ज्या व्यवहारासाठी तो आला होता तो फसला होता, खिसा जवळजवळ रिकामा होता आणि परक्या शहरात तो एकटा होता. तो दूरध्वनीकडे वळला. त्या काही पावलांमुळे पुढे लक्षावधी कुटुंबे सावरली, म्हणून त्याची जीवनकथा आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

बिल विल्सन यांचा जन्म २६ नोव्हेंबर १८९५ रोजी व्हरमाँट राज्यातील ईस्ट डॉर्सेट या खेड्यात झाला. आईवडील विभक्त झाल्यामुळे त्यांना आजीआजोबांनी वाढविले. पहिल्या महायुद्धाच्या काळात तरुण सैनिकी अधिकारी असताना त्यांनी प्रथम मद्य घेतले. १९१८ साली लोइस यांच्याशी त्यांचा विवाह झाला. शेअरबाजारात त्यांनी पुष्कळ पैसा मिळविला. परंतु १९२९ च्या पडझडीत तो गेला आणि मद्य मात्र राहिले. लोइस दुकानात नोकरी करून घर चालवीत. न्यूयॉर्कच्या टाउन्स रुग्णालयात बिल यांना पुनःपुन्हा दाखल करावे लागले. तेथील डॉक्टर सिल्कवर्थ यांनी त्यांना समजाविले की हा केवळ मनाचा दुबळेपणा नसून आजार आहे. पुढे मद्य सोडलेला एक जुना मित्र भेटीस आला. त्याने उपदेश केला नाही, स्वतःची हकिकत सांगितली. डिसेंबर १९३४ मध्ये रुग्णालयात बिल यांना परमेश्वराच्या सान्निध्याचा उत्कट अनुभव आला. त्यानंतर ते कधीही प्याले नाहीत.

पुढील काही महिने त्यांनी अनेक मद्यपींना सुधारण्याचा प्रयत्न केला, परंतु एकही सुधारला नाही. वाचकहो, व्यासपीठावरून बोलणाऱ्या आम्हा धर्मगुरूंनी येथे क्षणभर थांबावे. सिल्कवर्थ यांनी बिल यांना सुचविले की प्रवचन कमी करा, आजाराविषयी बोला. बिल यांच्या मात्र एक गोष्ट ध्यानी आली : दुसरा सुधारला नाही तरी त्याच्यापाशी जाऊन बसल्यामुळे ते स्वतः तरले होते.

म्हणूनच अ‍ॅक्रनमध्ये त्यांनी चर्चच्या यादीतील एका पाळकांना दूरध्वनी केला तो पैशासाठी नव्हे, तर आपल्यासारखाच एखादा मद्यपी भेटावा म्हणून. एकाकडून दुसऱ्याकडे असे करीत हेन्रिएटा सायबर्लिंग या बाईंचा पत्ता लागला. त्यांच्या घरी दुसऱ्या दिवशी, मातृदिनाच्या संध्याकाळी, डॉक्टर बॉब स्मिथ हे शल्यचिकित्सक आले. पंधरा मिनिटांत निघायचे असे ठरवून आलेले डॉक्टर रात्री उशिरापर्यंत बसून राहिले. उपदेश करणारे त्यांना पुष्कळ भेटले होते. तेच दुःख भोगलेला प्रथमच भेटत होता. मध्यंतरी डॉक्टर एकदा पुन्हा घसरले, तरी बिल यांनी त्यांना दूर लोटले नाही. १० जून १९३५ रोजी डॉक्टरांनी शेवटचे मद्य घेतले. तोच दिवस अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस अर्थात ए.ए. चा स्थापनादिन मानला जातो.

बिल स्वतः कॅथोलिक नव्हते, तथापि ख्रिस्तसभेच्या लेकरांनी या कार्याला हात दिला. १९३९ साली अ‍ॅक्रनच्या सेंट थॉमस रुग्णालयात धर्मभगिनी इग्नेशिया यांनी डॉक्टर बॉब यांच्या मद्यपी रुग्णांना जागा दिली. पहिल्या रुग्णाची नोंद त्यांनी पोटाचा विकार म्हणून केली. घरी जाणाऱ्याला त्या येशूच्या पवित्र हृदयाचे चिन्ह देत आणि पुन्हा पिण्यापूर्वी ते परत आणून द्यावे, असे बजावीत. बिल निराशेत असताना १९४० च्या अखेरीस येशूसंघीय फादर एड डाउलिंग लंगडत त्यांच्या दारी आले आणि पुढे वीस वर्षे त्यांचे आध्यात्मिक मित्र राहिले. १९५१ मध्ये लोइस यांनी मद्यपींच्या कुटुंबियांसाठी अल्-अ‍ॅनॉन ही संघटना उभारण्यात पुढाकार घेतला. २४ जानेवारी १९७१ रोजी बिल निवर्तले.

१९५७ साली मुंबईत पोहोचलेल्या या कार्याच्या सभा आज अनेक चर्चच्या आवारात व शाळांच्या वर्गांत भरतात. तेथे वर्गणीची सक्ती नाही, नावगाव विचारीत नाहीत. मद्य सोडण्याची इच्छा एवढीच अट. खुल्या सभेला कुटुंबियांनाही बसता येते. अनेक वर्षे रोज पिणाऱ्याने मात्र एकाएकी बंद करण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा.

आपल्या धर्मग्रामात कोणी लाजेपोटी त्या दारापर्यंत जाऊन परत फिरत असेल, तर त्याला आम्ही एवढेच सांगू : आत बसलेल्यांना तुमची गरज आहे. बिल मेफ्लॉवर हॉटेलात स्वतःला वाचविण्यासाठीच दुसऱ्याला शोधीत होते. तुम्ही आत पाऊल टाकाल तेव्हा केवळ मदत मागत नसाल, ती देतही असाल. ते दार उघडण्याचे बळ प्रभू त्यांना देवो, आणि त्यांना तेथवर सोबत करण्याची सुबुद्धी आपणा सर्वांना देवो.