विश्लेषण : ‘सावकारी पाश’ दोनदा का घडवावा लागला? बाबूराव पेंटर यांची कामाची रीत काय होती?

सावकाराच्या कर्जात जमीन गमावणाऱ्या शेतकऱ्याची कथा बाबूराव पेंटर यांनी १९२५ मध्ये मूकपटातून मांडली. प्रेक्षकांनी तिच्याकडे पाठ फिरवली. अकरा वर्षांनी, १९३६ मध्ये, त्यांनी तीच कथा बोलपट म्हणून पुन्हा घडवली. या कथेमागचे वास्तव शिरूर आणि दौंड परिसराने पूर्वीच भोगले होते. एकच कल्पना हाती धरून तिचे नवे नवे रूप घडवत राहणे ही बाबूरावांची आयुष्यभराची रीत होती. या रीतीने त्यांना काय दिले आणि त्यांच्याकडून काय घेतले, याचा हा आढावा.

बाबूराव पेंटर कोण होते?

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. घराणे कारागिरांचे होते. चित्रकला आणि शिल्पकला ते कोणत्याही कलाशाळेत न जाता शिकले. नात्याने भाऊ असलेले आनंदराव मेस्त्री त्यांचे जोडीदार होते. १९१० ते १९१६ या काळात नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवणारे म्हणून या दोघांचे पश्चिम भारतात नाव झाले. राजवाडा, अरण्य, रस्ता, देऊळ अशी दृश्ये ते कापडावर अशी उतरवत, की प्रेक्षकाला पडद्यात खोली असल्याचा भास व्हावा. याच कामावरून ‘पेंटर’ हे नाव त्यांना चिकटले आणि मेस्त्री हे आडनाव मागे पडले.

पडदे रंगवण्याच्या धंद्यात एकाच विषयाची पुनरावृत्ती अटळ असते. प्रत्येक कंपनीला राजवाडा हवा असतो, पण रंगमंचाची रुंदी, दिव्यांचा उजेड आणि नाटकाचा काळ दर वेळी वेगळा असतो. मागच्या पडद्यात जे खटकले ते पुढच्यात सुधारायचे, हा या धंद्याचा रोजचा अभ्यास होता. शिल्पकलेतही हेच असते. आधी मातीत आकार घडतो, मग प्लास्टरमध्ये साचा निघतो आणि शेवटी धातूचे ओतकाम होते. प्रत्येक टप्प्यावर चूक दिसते आणि ती दुरुस्त करता येते. सिनेमाकडे वळताना बाबूरावांनी ही सवय सोबत आणली.

कॅमेरा तयार व्हायला इतकी वर्षे का लागली?

दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये पडद्यावर आला आणि दोघे मेस्त्री बंधू सिनेमाने भारावले. परदेशी कॅमेरा विकत घेणे त्यांच्या आवाक्यातले नव्हते. त्यांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून एक प्रोजेक्टर मिळवला आणि कॅमेरा स्वतःच जुळवण्याचा खटाटोप सुरू केला.

हे काम वरून वाटते तितके सोपे नव्हते. मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण सोळा चित्रे टिपली जात. प्रत्येक चित्रासाठी फीत क्षणभर पूर्ण स्थिर राहावी लागते. त्यानंतर झडप बंद होते, फीत नेमकी एक चौकट पुढे सरकते आणि झडप पुन्हा उघडते. हे चक्र हाताने दांडा फिरवताना न चुकता चालावे लागते. दाता किंचित जरी चुकीचा कापला गेला, तरी पडद्यावर चित्र थरथरते. फीत थांबत थांबत पुढे नेण्याचे काम प्रोजेक्टरलाही करावे लागते. त्यामुळे तो उघडून पाहणे हाच कॅमेरा समजून घेण्याचा सर्वांत जवळचा मार्ग होता.

हा प्रयत्न अर्ध्यावर असताना १९१६ मध्ये आनंदरावांचे निधन झाले. बाबूरावांनी काम सोडले नाही. शिष्य विष्णुपंत दामले यांना सोबत घेऊन त्यांनी १९१८ मध्ये चालणारा कॅमेरा उभा केला. याच सुमारास महाराष्ट्र फिल्म कंपनी स्थापन झाली. गायिका तानीबाई कागलकर यांनी तिला आर्थिक आधार दिला. छत्रपती शाहू महाराजांचे पाठबळही कंपनीला लाभले.

पहिल्याच चित्रपटात काय वेगळे होते?

कंपनीचा ‘सैरंध्री’ ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन सिनेमात प्रदर्शित झाला. स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या होत्या. त्या काळात ही गोष्ट धाडसाची होती. कीचकवधाचा प्रसंग इतका खरा वाटला, की त्यावर सेन्सॉरचा आक्षेप आला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली.

या काळातील त्यांचा सर्वांत मोठा बदल मात्र त्यांच्या जुन्या धंद्याच्या विरोधात जाणारा होता. पडदे रंगवून नाव मिळवलेल्या बाबूरावांनी सिनेमातून रंगवलेले पडदेच काढून टाकले. नाटकाच्या मंद उजेडात पडदा खरा भासतो, पण कॅमेऱ्यापुढे त्याचा सपाटपणा उघडा पडतो. म्हणून त्यांनी भिंती, खांब, दारे असलेली, माणसे आत वावरू शकतील अशी भरीव नेपथ्यरचना आणली. हरि नारायण आपटे यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवरील ‘सिंहगड’ (१९२३) या चित्रपटासाठी त्यांनी कृत्रिम प्रकाशाचा वापर केला. तोवर चित्रीकरण मुख्यतः सूर्यप्रकाशावर अवलंबून असे.

चित्रीकरणाआधी कागदावर काय घडत असे?

कॅमेरा सुरू करण्याआधी बाबूराव पात्रांचे पोशाख, चेहरेपट्टी आणि हालचाली रेखाटत. आज जाहिरात आणि चित्रपट व्यवसायात ‘स्टोरीबोर्ड’ ही नित्याची गोष्ट आहे. कोल्हापुरात शंभर वर्षांपूर्वी एक चित्रकार हेच काम स्वतःच्या गरजेतून करत होता.

यामागे साधा हिशेब होता. फीत परदेशातून येई आणि महाग असे. कागदावरची चूक रबराने पुसता येते, फितीवरची चूक पैसे खाते. म्हणून जितके बदल करायचे तितके कागदावर करून घ्यायचे आणि मगच कॅमेऱ्यासमोर उभे राहायचे. जाहिरातीकडेही त्यांनी याच नजरेने पाहिले. आपल्या चित्रपटांची पोस्टर ते स्वतः रंगवत. छायाचित्रे आणि माहिती असलेल्या पुस्तिका त्यांनी १९२१-२२ च्या सुमारासच काढल्या.

‘सावकारी पाश’च्या कथेशी शिरूर-दौंडचा संबंध काय?

‘सावकारी पाश’ची कथा नारायण हरि आपटे यांची. खोट्या कागदपत्रांच्या आधारे सावकार शेतकऱ्याची जमीन बळकावतो आणि शेतकऱ्याला शहरात गिरणी कामगार व्हावे लागते, असा तिचा गाभा आहे. कथा काल्पनिक असली तरी तिचे मूळ दख्खनच्या गावागावांत होते.

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ दरम्यान, भारतीय कापसाला मोठी मागणी आली आणि शेतकऱ्याला कर्ज सहज मिळू लागले. युद्ध संपताच भाव कोसळले. त्यातच सरकारने शेतसारा वाढवला. कर्ज मात्र तसेच राहिले आणि व्याजाने वाढत गेले. लिहिता-वाचता न येणारा शेतकरी अंगठा उठवत होता आणि कागदावर काय लिहिले आहे ते सावकारालाच ठाऊक असे.

याचा स्फोट पुणे जिल्ह्यात झाला. कवठे येमाई ज्या शिरूर तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील करडे गावात डिसेंबर १८७४ मध्ये गावकऱ्यांनी सावकारावर बहिष्कार टाकला. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे उठाव झाला. सुपे आज बारामती तालुक्यात आहे, तर दौंडचा परिसरही जुन्या भीमथडीतच मोडत असे. उठाव करणाऱ्यांचा रोख मुख्यतः कर्जरोख्यांवर होता. ते हिसकावून जाळण्यात आले. परिणामी १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांना लागू होता. कायदा झाला तरी सावकारी संपली नव्हती. पन्नास वर्षांनी बाबूरावांनी हा विषय घेतला तेव्हाही तो शिळा झालेला नव्हता.

१९२५ चा मूकपट का चालला नाही?

या चित्रपटात तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली. देव, राक्षस, राजे आणि चमत्कार यांनी भरलेल्या पडद्यावर प्रथमच कर्जबाजारी कुणब्याचे घर आले. अंधाऱ्या झोपडीचे आणि तिथे भुंकणाऱ्या कुत्र्याचे दृश्य पाहणाऱ्यांच्या वर्षानुवर्षे लक्षात राहिले. भारतीय वास्तववादी सिनेमाची सुरुवात म्हणून अभ्यासक आज या चित्रपटाकडे पाहतात.

तिकीट काढणाऱ्या प्रेक्षकाला मात्र तेव्हा वेगळेच हवे होते. दिवसभर जे दुःख भोगायचे तेच रात्री पैसे देऊन का पाहायचे, असा त्याचा व्यवहार होता. चित्रपट पडला आणि कंपनीला पुन्हा पौराणिक, ऐतिहासिक विषयांकडे वळावे लागले. १९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर हे बिनीचे सहकारी बाहेर पडले. त्यांनी सीताराम कुलकर्णी यांच्यासह प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. पुढे बोलपट आला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी बंद पडली.

१९३६ मध्ये पुन्हा तीच कथा का?

बाबूरावांना बोलपटाची ओढ नव्हती. वर्षानुवर्षे कष्टाने घडवलेली दृश्यांची भाषा संवादांमुळे मोडेल, अशी त्यांना धास्ती होती. ती अगदीच अनाठायी नव्हती. सुरुवातीच्या बोलपटांत नट मायक्रोफोनच्या आसपास अडकून पडत आणि कॅमेऱ्याची खडखड ध्वनीत येऊ नये म्हणून त्यालाही बंदिस्त करावे लागे. बाबूराव चित्रकला आणि शिल्पकलेकडे परतले.

असे असताना बोलपटात पुन्हा घडवण्यासाठी त्यांनी निवड केली ती न चाललेल्या चित्रपटाची. एकदा पडलेला विषय पुन्हा हाती घेणे व्यवहाराच्या दृष्टीने शहाणपणाचे नव्हते. या निवडीतूनच त्यांची रीत स्पष्ट होते. कल्पना खरी असेल, तर पहिल्या रूपाचे अपयश हे कल्पनेचे अपयश ठरत नाही. रूप बदलून पाहता येते.

बोलपटाने या कथेला एक मोठी गोष्ट दिली. मूकपटात शेतकऱ्याचे आणि सावकाराचे बोलणे अक्षरपट्ट्यांवर वाचावे लागे. ज्याला वाचता येत नाही म्हणूनच जो फसतो, त्या शेतकऱ्याची कथा समजायला प्रेक्षकाला वाचता येणे गरजेचे होते. ध्वनी आल्यावर ही अडचण सरली. नवे रूप जुन्याच्या जागी पूर्णपणे बसले, असे मात्र म्हणता येत नाही. मूकपट आज उपलब्ध नाही. त्यामुळे दोन्ही रूपे शेजारी ठेवून काय कमावले आणि काय गमावले हे पाहण्याची सोय उरलेली नाही. आवृत्त्या घडवणाऱ्याने जुनी आवृत्तीही जपायला हवी, हा धडा भारतीय सिनेमाला फार उशिरा मिळाला.

शिष्यांनी ही रीत पुढे कशी नेली?

बाबूरावांचे दोन मूकपट त्यांच्या शिष्यांनीच नव्याने घडवले. प्रभातने १९३३ मध्ये ‘सिंहगड’ आणि ‘सैरंध्री’ हे दोन्ही बोलपट शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली काढले. ‘सैरंध्री’त रंगाचा प्रयोग होता. त्याचे काम जर्मनीत करून घेतले, पण रंग मनासारखे उतरले नाहीत. नवे तंत्र आले म्हणून नवी आवृत्ती सरस ठरतेच असे नाही, हे त्यातून दिसले. मात्र गुरूच्या कामाला शेवटचा शब्द न मानता त्यावर पुन्हा हात चालवणे, हे त्या शिष्यांनी गुरूकडूनच उचलले होते.

तमाशाच्या मुलखाला ही रीत ओळखीची का वाटते?

बाबूराव १९४७ मध्ये शांताराम यांच्या निमंत्रणावरून ‘लोकशाहीर रामजोशी’साठी पुन्हा दिग्दर्शनाकडे आले. लावणी आणि तमाशाच्या फडाभोवती फिरणारा हा चित्रपट. जुन्नर-शिरूरचा पट्टा तमाशाचा मुलूख म्हणून ओळखला जातो आणि कवठे येमाईने बशीर मोमीन कवठेकर यांच्यासारखा लोकशाहीर आणि वगलेखक दिला.

फडात वग एकदा लिहिला म्हणून पक्का होत नाही. एका गावच्या जत्रेत सोंगाड्याचा विनोद पडला, तर पुढच्या गावी तो बदलतो. एखाद्या वाक्याला टाळी मिळाली, तर ते टिकते आणि फुलते. हंगाम संपेपर्यंत प्रेक्षकांच्या साक्षीने वगाच्या अनेक आवृत्त्या होऊन जातात. सिनेमाला ही मुभा नाही. फितीवर उतरलेले दृश्य प्रत्येक गावात तसेच दिसते. त्यात बदल करायचा तर सगळा डाव पुन्हा मांडावा लागतो आणि त्यासाठी पैसा, माणसे आणि वर्षे लागतात. बाबूरावांनी कागदावर रेखाटने करून ही किंमत कमी करण्याचा प्रयत्न केला. जिथे तेवढ्याने भागले नाही, तिथे पूर्ण किंमत मोजली.

१६ जानेवारी १९५४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या मूकपटांपैकी आज फारच थोडे हाती उरले आहे. त्यांच्या रेखाटनांतून, भरीव नेपथ्यातून आणि स्वतः जुळवलेल्या कॅमेऱ्यातून तयार झालेली माणसे मात्र पुढे प्रभातच्या रूपाने उभी राहिली. सुपे येथे जाळलेल्या रोख्यांमागचे दुःख मराठी पडद्यावर आले ते याच रीतीमुळे. पहिल्या खेपेला ते कोणी पाहिले नाही, म्हणून बाबूरावांनी ते दुसऱ्यांदा दाखवले.