पु. ल. देशपांडे : नभोवाणी ते एकपात्री रंगमंच

मराठी विनोदाचा इतिहास प्रायः मुद्रित ग्रंथांच्या आधारे लिहिला गेला आहे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर, राम गणेश गडकरी, चिं. वि. जोशी, आचार्य अत्रे ही परंपरा सांगून झाली की त्याच ओघात पु. ल. देशपांडे यांचे नाव येते आणि मग 'खोगीरभरती', 'बटाट्याची चाळ', 'व्यक्ती आणि वल्ली' या ग्रंथांची चर्चा सुरू होते. ही मांडणी चुकीची नव्हे. परंतु अपुरी आहे. पु. लं.च्या विनोदाची घडण लेखणीइतकीच, किंबहुना काही बाबतींत लेखणीपूर्वी, ध्वनीच्या माध्यमात झाली. त्यांच्या आयुष्यातील नभोवाणीचे पर्व आणि त्यातून बाहेर पडण्याचा त्यांचा निर्णय या दोन गोष्टी ध्यानात घेतल्यावाचून त्यांच्या एकपात्री प्रयोगाचे स्वरूप उलगडत नाही.

पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१९ रोजी मुंबईत गावदेवी भागात झाला. बालपण जोगेश्वरीच्या सारस्वत बागेत आणि पुढे पार्ल्यात गेले. आजोळी साहित्याचे वातावरण होते. मातामह वामन मंगेश दुभाषी 'ऋग्वेदी' या नावाने लेखन करीत आणि रवींद्रनाथांची 'गीतांजली' त्यांनी अभंगरूपात मराठीत आणली होती. घरात भजन, कीर्तन, नाट्यसंगीत यांचा राबता होता. लहानग्या पुरुषोत्तमाने लवकरच बाजाच्या पेटीवर हात बसवला. पार्ल्याचे टिळक मंदिर हे त्या काळच्या उपनगरी मध्यमवर्गाचे सांस्कृतिक केंद्र होते. व्याख्याने, गाणी, नाटके या साऱ्यांचा संस्कार तेथे झाला. पुढे ज्याला पु. लं.चे बहुश्रुतपण म्हटले गेले त्याचा शब्दशः अर्थ येथे लागू पडतो. त्यांनी पुष्कळ ऐकले होते.

मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले, तेव्हा पु. ल. आठ वर्षांचेही नव्हते. ते चालवणारी खाजगी कंपनी १९३० साली बुडाली, सरकारने कारभार हाती घेतला आणि १९३६ साली या सेवेला 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव मिळाले. पुढच्याच वर्षी, १९३७ साली, अठराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर असलेले पु. ल. नभोवाणीवरील छोट्यामोठ्या नाटिकांत काम करू लागले. अनंत काणेकरांच्या 'पैजार' या श्रुतिकेत त्यांचा सहभाग होता. मराठी श्रुतिकेचे ते बालपणच होते. रंगभूषा नाही, नेपथ्य नाही, प्रेक्षक नाही. माणूस उभा करायचा तो केवळ आवाजाच्या चढउतारांवर, बोलीच्या हेलावर आणि दोन शब्दांमधील विरामावर. 'भट्ट्या नागपूरकर' हे त्यांचे व्यक्तिचित्र बडोद्याहून निघणाऱ्या 'अभिरुचि'त १९४४ साली प्रसिद्ध झाले. त्याच्या सात वर्षे आधीपासून ते ध्वनिक्षेपकापुढे उभे राहत होते, हा क्रम समीक्षकांनी फारसा लक्षात घेतलेला नाही.

मधल्या वर्षांचा वृत्तान्त थोडक्यात सांगता येईल. कायद्याचे शिक्षण, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून बी. ए., सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयातून एम. ए.; ओरिएंट हायस्कूलमध्ये शिक्षकी, बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात प्राध्यापकी. १२ जून १९४६ रोजी सुनीता ठाकूर यांच्याशी विवाह झाला. मो. ग. रांगणेकरांच्या 'नाट्यनिकेतन'मध्ये त्यांनी भूमिका केल्या. 'कुबेर' (१९४७) पासून चित्रपटांत काम सुरू झाले आणि 'गुळाचा गणपती' (१९५३) या चित्रपटात कथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन आणि प्रमुख भूमिका अशा सर्व बाजू त्यांनी एकट्याने सांभाळल्या. भीमसेन जोशी यांनी गायिलेले 'इंद्रायणी काठी' याच चित्रपटातले. तरीही चित्रपटसृष्टीत ते रमले नाहीत. बेळगावने मात्र त्यांना 'रावसाहेब' दिले. कानडी हेल असलेले ते मराठी पु. लं.च्या कानाने असे टिपून ठेवले की ते व्यक्तिचित्र वाचतानाही ऐकू येते.

पुणे केंद्राचे उद्घाटन २ ऑक्टोबर १९५३ रोजी झाले आणि १९५५ साली पु. ल. आकाशवाणीच्या पुणे केंद्रात रुजू झाले. हा काळ मराठी नभोवाणीच्या भरभराटीचा होता. त्याच वर्षीच्या १ एप्रिलपासून ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे 'गीतरामायण' आठवड्याला एक गीत या क्रमाने प्रक्षेपित होऊ लागले होते. व्यंकटेश माडगूळकर याच केंद्रात ग्रामीण कार्यक्रमांचे काम पाहू लागले. मुंबईसह निरनिराळ्या केंद्रांवर अधिकारी राहिलेल्या बा. सी. मर्ढेकरांनी नभोवाणीसाठी संगीतिका लिहिल्या होत्या. लेखकाने सरकारी नोकरीत राहून नवे माध्यम घडवावे, अशी अपेक्षा त्या वातावरणात होती आणि ती काही अंशी पुरीही झाली.

तथापि या संस्थेचे स्वरूप दुहेरी होते. ती लेखकाला लक्षावधी श्रोते देई आणि त्याच वेळी प्रत्येक शब्द प्रक्षेपणापूर्वी कागदावर तपासून घेई. विनोदाला हे बंधन विशेष जाचक असते, कारण विनोद उत्स्फूर्तपणावर जगतो. संस्थेच्या वृत्तीचे एक उदाहरण मोठे बोलके आहे. १९४० सालापासून नभोवाणीवर बाजाच्या पेटीला बंदी होती. भारतीय संगीताच्या श्रुती तिला पेलत नाहीत, हे कारण. ही बंदी १९७१ पर्यंत टिकली. म्हणजे ज्याचे बोट लहानपणापासून पेटीवर फिरले, तो कलावंत ज्या संस्थेत नोकरीस होता तिच्या ध्वनिमुद्रणकक्षात त्या वाद्याला प्रवेश नव्हता. पु. लं.नी यातील विनोद ओळखला नसेल, असे मानणे कठीण आहे.

याहूनही मूलभूत अडचण माध्यमाचीच होती. ध्वनिक्षेपकापुढे विनोद करणाऱ्याला श्रोत्यांचे हसू ऐकू येत नाही. वाक्य संपल्यावर किती थांबावे, पुढचा टोला केव्हा द्यावा, हे रंगमंचावर प्रेक्षागृह सांगते. नभोवाणीत ते कल्पनेने ताडावे लागते. अशा सरावातून पु. लं.चे कालभान धारदार झाले. पण त्यांच्या स्वभावातील मैफलीचा माणूस उपाशीच राहिला. याच नोकरीच्या वर्षांत 'तुझे आहे तुजपाशी' (१९५७) रंगभूमीवर आले आणि 'बटाट्याची चाळ' (१९५८) ग्रंथरूपाने प्रकाशित झाली, हा योगायोग म्हणता येणार नाही.

१९५८ साली युनेस्कोच्या शिष्यवृत्तीवर ते बीबीसीत माध्यमविषयक प्रशिक्षणासाठी गेले. त्यानंतर फ्रान्स व पश्चिम जर्मनी येथे काही काळ राहिले. 'अपूर्वाई' (१९६०) हे त्याचे फलित. परतल्यावर दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी सुरू झालेल्या दूरचित्रवाणीच्या उभारणीत त्यांचा वाटा होता. पंडित नेहरूंची दूरचित्रवाणीसाठी मुलाखत घेण्याचे कामही त्यांच्याकडे आले. एका नव्या माध्यमाच्या अग्रस्थानी, दिल्लीत, सुरक्षित पदावर असलेला चाळिशीतला माणूस येथवर येऊन थांबतो आणि नोकरी सोडतो.

१९६१ साली 'बटाट्याची चाळ' एकपात्री प्रयोगाच्या रूपाने रंगमंचावर आली. गिरगावातील चाळीचे हे जग एका माणसाने, वेष न बदलता, उभे करायचे होते. त्रिलोकेकर, एच. मंगेशराव, आचार्य बाबा बर्वे, कुशाभाऊ अक्षीकर यांतील प्रत्येकाची जात, गाव, शिक्षण आणि आर्थिक स्थिती त्याच्या उच्चारातून कळावी लागे. ही नभोनाट्याची विद्या होय. तिला आता देहबोलीची आणि समोरच्या हास्याची जोड मिळाली. कीर्तनकार, बहुरूपी, नकलाकार आणि दिवाकरांची नाट्यछटा ही या प्रयोगाची देशी पूर्वपीठिका निश्चितच आहे. पूर्वेकडील प्रवासावरच्या आपल्या ग्रंथाला 'पूर्वरंग' हे कीर्तनातील नाव देणाऱ्या लेखकाला तिचे भान होते. परंतु कीर्तनकार अनेक पात्रे सूचित करून पुन्हा आख्यानाकडे वळतो. येथे पात्रांची गर्दी हेच आख्यान आहे. प्रयोगाच्या अखेरीस येणारे चिंतन तर हसणाऱ्या प्रेक्षकाला अकस्मात गंभीर करते. चाळ मोडकळीस आली आहे, हे त्याला तोवर जाणवू दिलेले नसते.

'वाऱ्यावरची वरात' (१९६२) आणि 'असा मी असामी' यांनी हे यश वाढवले. 'वरात' बहुपात्री होती. सुटे प्रवेश, गाणी, निवेदन यांची ती गुंफण युरोपीय कॅबरेच्या जवळ जाते. येथे कॅबरे म्हणजे हिंदी चित्रपटांनी रूढ केलेला नृत्यप्रकार नव्हे, तर दोन महायुद्धांमधल्या बर्लिनमध्ये छोट्या मंचांवर चालणारा विनोद, गीत व राजकीय उपहास यांचा मिश्र कार्यक्रम अभिप्रेत आहे. बर्लिनमध्ये सार्वजनिक नभोवाणी १९२३ साली सुरू झाली. अर्ध्यावर सोडलेल्या वाक्यांतून राज्यकर्त्यांना चिमटे काढणाऱ्या वेर्नर फिंक यांचा मंच नाझी सरकारने १९३५ साली बंद केला आणि त्यांना छळछावणीत धाडले. ब्रेख्तच्या १९२८ सालच्या संगीतकात पहिल्या रात्री रस्त्यावरील गायकाचे गाणे गाणारे कुर्ट गेरोन १९४४ साली आउश्वित्झमध्ये मारले गेले. पु. लं.नी याच संगीतकाचे 'तीन पैशाचा तमाशा' (१९७८) हे मराठी रूप सिद्ध केले, तेव्हा आणीबाणी संपून एकच वर्ष झाले होते. दोन्ही परिस्थितींची तुलना ताणू नये. तरी हास्य आणि सत्ता यांचे वैर पु. लं.ना केवळ पुस्तकांतून ठाऊक होते, असे नाही.

इचलकरंजीच्या १९७४ सालच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. १९७५ साली कऱ्हाडला ही सूत्रे दुर्गा भागवतांकडे गेली तेव्हा देशात आणीबाणी होती. सर्वांचा लाडका विनोदकार, अशी प्रतिमा असलेल्या लेखकाला मौन सोयीचे होते. पु. लं.नी आणीबाणीला जाहीर विरोध केला आणि १९७७ च्या निवडणुकीत जनता पक्षासाठी सभा गाजवल्या. निवडणूक संपली आणि ते आपल्या कामाकडे परतले. त्यांच्या विनोदाला सौम्य, कुणालाही न दुखावणारा, असे म्हणून जी उपेक्षा काही समीक्षकांनी केली, तिला या प्रसंगाची नोंद घ्यावीच लागेल. अर्थात आक्षेपात तथ्यही आहे. त्यांचे जग बहुशः पांढरपेशा मध्यमवर्गाचे होते आणि त्याच्या पलीकडचा समाज त्यांच्या विनोदात कडेकडेनेच येतो.

'व्यक्ती आणि वल्ली'ला १९६५ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पद्मश्री, पद्मभूषण हे सन्मान यथाकाल लाभले. एकपात्री प्रयोग लोकप्रियतेच्या भरात असतानाच थांबवण्यात आले. १९६५ साली स्थापन झालेल्या पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानमधून अनेक संस्थांना साहाय्य झाले. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र त्यांपैकी एक. या साऱ्याच्या हिशेबामागे, आणि प्रयोगांच्या शिस्तीमागेही, सुनीताबाईंचे कष्ट होते. त्यांनी 'आहे मनोहर तरी' (१९९०) मध्ये या सहजीवनाची दुसरी बाजू निर्भीडपणे मांडली. मर्ढेकर, बोरकर, आरती प्रभू यांच्या कवितांचे दोघांनी केलेले जाहीर वाचन हे उत्तरायुष्यातील काम. तेथेही माध्यम आवाज हेच होते.

१९९६ साली महाराष्ट्र शासनाने पहिला 'महाराष्ट्रभूषण' पुरस्कार त्यांना दिला. तो स्वीकारताना त्यांनी तत्कालीन राजकारणातील लोकशाहीविरोधी भाषेबद्दल खंत व्यक्त केली आणि सत्ताधाऱ्यांकडून त्यांच्यावर कठोर टीका झाली. कंपवाताने ते तेव्हा थकले होते. १२ जून २००० रोजी, विवाहाच्या चौपन्नाव्या वाढदिवशी, पुण्यात त्यांचे निधन झाले. पुढच्या वर्षी त्यांची नभोवाणीवरील भाषणे व श्रुतिका ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या, आणि जे मूळ ऐकण्यासाठी लिहिले होते ते वाचनासाठी अभ्यासकांच्या हाती आले.