विंचीकरांचा लिओनार्दो

ओळखीत कुणाचं रोबोटिक ऑपरेशन झालं असेल, तर ‘दा विंची’ हे नाव तुम्ही ऐकलं असेल. सर्जन बाजूला कन्सोलवर बसून हात हलवतो आणि पेशंटच्या पोटातली पेन्सिलीएवढी हत्यारं मनगटासारखी वळतात. हत्यारं बदलली की तेच मशीन आज प्रोस्टेटला, उद्या गर्भाशयाला. पण ज्याचं नाव मशीनला दिलंय, तो सर्जन नव्हताच!

लिओनार्दो जन्मला १४५२ मध्ये, इटलीतल्या विंची गावाजवळ. दा विंची म्हणजे विंचीचा, आपल्याकडे ‘विंचीकर’ म्हटलं असतं. वडील नोटरी, पण आईशी लग्न न केलेले. त्यामुळे वडिलांचा पेशा त्याला बंद. लॅटिनही धड शिकायला मिळालं नाही. मग फ्लॉरेन्समध्ये व्हेरोक्किओच्या हाताखाली चित्रकला शिकला.

पुढे मिलानच्या ड्यूककडे असताना, १४९५ च्या सुमारास, त्याने चिलखत घातलेल्या यांत्रिक योद्ध्याची स्केचेस काढली. हात हलवायला आत पुली आणि दोऱ्या.

आणि खरं माणसाचं शरीर? तेही त्याला उघडूनच बघायचं होतं. १५०७-०८ च्या हिवाळ्यात फ्लॉरेन्सच्या हॉस्पिटलमध्ये तो एका म्हाताऱ्याशी बोलत बसला होता. आजोबा म्हणे शंभरीचे, काहीच दुखत नव्हतं. थोड्या वेळाने शांतपणे गेले. इतकं सहज मरण कशाने आलं, हे शोधायला लिओनार्दोने त्यांचं शवविच्छेदन केलं. रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या दिसल्या, त्याने ते नोंदवून ठेवलं. (मला तर वाचतानाच कसंतरी झालं.)

खांद्याच्या एका चित्रात तर त्याने स्नायूंच्या जागी नुसत्या दोऱ्या काढल्यात, कोण कुठे ओढतं ते कळावं म्हणून. आजच्या रोबोटची हत्यारंही आतल्या बारीक केबल्सनीच वळतात.

या सगळ्याचं पुस्तक करायचं होतं. पाव्हियाचा तरुण प्राध्यापक मार्कांतोनियो देल्ला तोर्रे सोबत होता. तो १५११ मध्ये प्लेगने गेला आणि पुस्तक राहिलं ते राहिलंच. सबमिशन लांबवणाऱ्यांनो, ऐकताय ना?

१५१९ मध्ये लिओनार्दो फ्रान्समध्ये वारला. कागद शिष्य मेल्झीकडे गेले, त्याच्या मृत्यूनंतर विखुरले. १५४३ मध्ये व्हेसेलियसचं ॲनाटॉमीचं मोठं पुस्तक छापून आलं आणि डॉक्टर त्यावर शिकू लागले. लिओनार्दोच्या शरीररचनेच्या वह्या नीट छापल्या गेल्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस.