सत्यनिष्ठ चरित्रकार म्हाइंभट

बीड जिल्ह्यातील गेवराई तालुक्यात, गंगा गोदावरीच्या पात्रात, आत्मतीर्थ पांचाळेश्वर हे आपले परमपूज्य स्थान आहे. श्रीदत्तात्रेय प्रभूंच्या नित्य विहरणातील भोजनस्थान म्हणून या तीर्थाचे माहात्म्य आहे. पैठणच्या जलाशयातून मोठा विसर्ग झाला की मंदिराला पाण्याचा वेढा पडतो, काही वर्षी ते पाण्याखालीही जाते. आणि पूर ओसरला की भिक्षुक व वासनिक मंडळी पुन्हा त्याच ठिकाणी येऊन, गाळ काढून, स्थानाला दंडवत घालतात. हे दृश्य पाहताना मनात एक प्रश्न सहज उभा राहतो. अमुक शिळा, अमुक ओटा, अमुक दिशा हीच नमस्कारास योग्य, हे आपणांस कोणी सांगितले? सात शतकांच्या अंतरावरून आपण जो विश्वास बाळगतो, त्याचा पाया कोणता?

स्थानांचा तपशील स्थानपोथीने दिला हे खरे. परंतु स्थानपोथीच्याही मागे लीळाचरित्र आहे, आणि लीळाचरित्रामागे एका माणसाचे श्रम आहेत. त्या माणसाचे नाव म्हाइंभट. त्यांच्या चरित्राचे स्मरण आपण सूत्रचिंतनाच्या संदर्भात मुद्दाम करावे, अशी आजची गरज आहे. कारण सत्य बोलणे हा आचार आपण सर्वजण मानतो, परंतु सत्य लिहिणे हा आचार किती कठीण आहे, हे म्हाइंभटांच्या जीवनावरून जितके कळते तितके अन्यत्र कळत नाही.

म्हाइंभट हे सराळे या गावचे. घरी संपत्ती होती आणि संपत्तीहून मोठी विद्या होती. गणपती आपयो हे त्यांचे गुरू. देवगिरीच्या यादवांचा तो काळ. राजाश्रयाने पांडित्य भरभराटीस आले होते, आणि पंडिताची प्रतिष्ठा वादसभेतील जयावर मोजली जात होती. आपल्या तोडीचा विद्वान या प्रदेशात नाही, अशी म्हाइंभटांची धारणा होती. भर दिवसा दिवट्या लावून ते हिंडत, अशी आठवण परंपरेत सांगितली जाते. तिचा आशय इतकाच की, विद्येचा प्रकाश आपल्याच ठायी आहे आणि इतरत्र अंधार आहे, असा त्यांना ताठा होता.

हा ताठा घेऊनच ते सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या दर्शनास डोमेग्रामी गेले. जिंकण्याच्या हेतूने गेलेला हा पंडित तेथे निरुत्तर झाला. शास्त्राने शास्त्राचे खंडन करता येते, परंतु ज्याच्या वचनात आणि वर्तनात अंतरच नाही, त्याच्यापुढे युक्तिवाद थिटा पडतो, हा अनुभव त्यांना आला. तरीही ते लगेच विरक्त होऊन मार्गात आले नाहीत. स्वामींचे उत्तरापंथे गमन झाले, सन्निधान अंतरले, आणि त्यानंतर मात्र त्यांनी सर्वसंगपरित्याग करून श्रीनागदेवाचार्य भटोबासांच्या आश्रयास येऊन रिद्धपुरी श्रीगोविंदप्रभूंची सेवा स्वीकारली. ज्या काळी सन्निधान हाताशी होते त्या काळी आपण ते पूर्णपणे घेतले नाही, ही खंत त्यांच्या पुढील साऱ्या उद्योगाच्या मुळाशी असावी, असे मानण्यास जागा आहे.

रिद्धपुरी वाजेश्वरीच्या एकांतात भटोबास नित्य स्वामींच्या लीळांचे स्मरण करीत. ते स्मरण म्हाइंभटांच्या ध्यानी आले, आणि त्यांच्या मनात एक विचार आला. आज हे सारे ज्यांनी डोळ्यांनी पाहिले ते हयात आहेत. उद्या ते नसतील. मग पुढे येणाऱ्या मुमुक्षूंना स्मरणास आधार कोणता? त्यांनी आचार्यांना विनविले, आचार्यांनी मान्यता दिली, आणि लीळाचरित्राच्या कार्यास आरंभ झाला. ग्रंथाच्या रचनाकाळाच्या निश्चित वर्षाविषयी अभ्यासकांत मतभेद असले, तरी तो तेराव्या शतकाच्या अखेरच्या पंचवीस वर्षांतला आहे, यात वाद नाही.

आता येथे म्हाइंभटांच्या वृत्तीची खरी कसोटी होती. त्यांच्यासारख्या विद्वानास घरबसल्या एक सुंदर चरित्रकाव्य रचणे अवघड नव्हते. अलंकार हाताशी होते, पुराणांचे नमुने समोर होते. चार मुख्य प्रसंग घ्यावेत, त्यांस चमत्कारांची जोड द्यावी, आणि वर्णनाच्या ओघात ऐकणाऱ्यास डोलावयास लावावे, हा मार्ग मोकळा होता. म्हाइंभटांनी तो मार्ग टाळला. ज्याने लीळा पाहिली असेल त्याच्याकडे जावे, त्याच्या तोंडून ती ऐकावी, लिहून घ्यावी, आणि मग आचार्यांसमोर ठेवून पारखून घ्यावी, हा क्रम त्यांनी ठरविला. ते गावोगाव फिरले. सांगणारा शेतात औत हाकीत असेल तर त्याच्या मागे मागे तासातून चालत त्यांनी लीळा मिळविली, अशी आठवण सांगतात. ज्या पंडितासमोर सभा मौन धरीत असे, तो आता कुणब्याच्या मागे ढेकळे तुडवीत त्याचे बोलणे कान देऊन ऐकत होता. वाद करणारा श्रोता झाला. ऐकणे हीच त्याची साधना झाली.

स्वामींच्या परिवारात पुरुष होते तशा स्त्रियाही होत्या. महदाइसा, आबाइसा, साधे यांसारख्यांच्या आठवणी सामान्य पंडिताने घरगुती गोष्टी म्हणून बाजूस सारल्या असत्या. लीळाचरित्रात मात्र त्या स्त्रियांचे प्रश्न, त्यांचे रुसवे, त्यांनी केलेली सेवा, त्यांना मिळालेले निरूपण हे सर्व यथास्थित आले आहे. साक्षीदाराची जात, लिंग अथवा विद्वत्ता म्हाइंभटांनी पाहिली नाही. त्याने पाहिले होते की नाही, एवढेच पाहिले.

साक्षी एकमेकींशी जुळत नसतील तर काय करावे? इतिहास लिहिणाऱ्यासमोर हा प्रश्न प्रत्येक युगात येतो. सोपा उपाय असा की, आपणांस जी हकीगत रुचेल ती ठेवावी आणि दुसरी पुसून टाकावी. लीळाचरित्राच्या परंपरेने तसे केले नाही. एका सांगणाऱ्याची आठवण अशी आणि दुसऱ्याची तशी, असे भेद वासना या नावाने नोंदविले गेले. शोधाअंती मिळालेली भर शोधु म्हणून वेगळी दाखविली गेली. ज्ञात आणि अनुमित यांत अंतर राखण्याची ही शिस्त सातशे वर्षांपूर्वी मराठीत होती, ही गोष्ट आपणांस अभिमानाची आहेच, परंतु त्याहून अधिक ती जबाबदारीची आहे.

या सत्यनिष्ठेचे सर्वांत मोठे प्रमाण आणखी एक आहे. म्हाइंभटांनी स्वतःचा पराभव लिहिला. डोमेग्रामच्या भेटीचा प्रसंग गाळणे अथवा सौम्य करणे त्यांच्या हाती होते. लेखणी त्यांचीच होती. तसेच, ज्या भटोबासांनी ग्रंथ पारखावयाचा होता, त्यांच्या पूर्ववयातील उच्छृंखलपणाचे आणि पुढील उणिवांचेही प्रसंग या परंपरेने झाकले नाहीत, आणि आचार्यांनी ते काढून टाकविले नाहीत. लिहिणारा एवढा निर्भय आणि पारखणारा एवढा निर्मळ, असा योग दुर्मीळ होय.

याच काळातील राजदरबारी लेखनाशी याची तुलना करून पाहावी. बीड जिल्ह्यातच पुरुषोत्तमपुरी येथे यादव राजा रामचंद्र याच्या कारकिर्दीतील इ.स. १३१० चा ताम्रपट सापडला आहे. त्यात राजाच्या विजयांची मोठी प्रशस्ती आहे. वाराणसीपर्यंतच्या पराक्रमाचा दावा आहे. परंतु १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजीने देवगिरीवर केलेली स्वारी आणि १३०७ मध्ये मलिक काफूरपुढे पत्करावी लागलेली हार, यांविषयी तो ताम्रपट मौन आहे. प्रशस्तिकाराने राजाचा मान राखला, तथापि राज्य राखले गेले नाही. १३१८ च्या सुमारास यादवसत्ता संपली. तांब्यावर कोरलेला शब्द टिकला, पण त्यातील दावे आज अभ्यासकांना तपासून घ्यावे लागतात. उलट भिक्षुकांच्या झोळीतील पोथीवरून मात्र त्या काळचा समाज, त्याचे अन्नवस्त्र, बाजार, वाटा, भाषा यांचा विश्वसनीय परिचय होतो. सार्वजनिक जीवनात वावरणाऱ्या प्रत्येकाने हा भेद ध्यानी धरावा. पराभव लपविल्याने इतिहास आपला होत नाही. पराभव मान्य केल्याने माणूस विश्वासास पात्र होतो.

आपल्या मार्गात या सत्यतेवर किती मोठा भार आहे, हेही पाहिले पाहिजे. लीळाचरित्रातूनच श्रीकेशिराजबासांनी स्वामींची वचने निवडून सूत्रपाठाची संकलना केली. सूत्राचा अर्थ करावयाचा तर ते कोणास, कोठे, कोणत्या निमित्ताने निरूपिले, हे प्रकरण पाहावे लागते. म्हणजे आचार सूत्रावर उभा, सूत्राचा अर्थ प्रकरणावर उभा, आणि प्रकरण लीळेवर उभे. म्हाइंभटांनी एक प्रसंग जरी आपल्या कल्पनेने रंगविला असता, तरी त्या एका रंगाचा डाग पुढे शेकडो साधकांच्या आचारावर पडला असता. चरित्रातील असत्य हे केवळ वाङ्मयीन दोष राहत नाही. ते परमार्थातील विघ्न होते.

म्हाइंभटांनी पुढे श्रीगोविंदप्रभूंचेही चरित्र याच पद्धतीने सिद्ध केले. दोन्ही ग्रंथ मराठीत आहेत, आणि तेही लोकांच्या बोलण्यातील सरळ गद्यात आहेत, हे लक्षणीय आहे. संस्कृतात लिहिले असते तर पंडितांनी वाखाणले असते. परंतु जी म्हातारी, जो कुणबी त्या लीळेचा साक्षी, त्यालाच ती ऐकून पारखता आली नसती. ज्या भाषेत साक्ष दिली त्याच भाषेत ती लिहिणे, हाही सत्याचाच एक नियम आहे.

खिलजी आक्रमणाच्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ प्रत नष्ट झाली, असे परंपरा सांगते. तेव्हा हिराइसा, परशरामबास, रामेश्वरबास यांसारख्यांनी कंठस्थ असलेल्या आधारे ग्रंथाची पुन्हा जुळणी केली, आणि म्हणूनच निरनिराळे पाठ निर्माण झाले. या महानुभावांनीही आपला पाठ तोच मूळ पाठ असा आग्रह धरून इतरांचे पाठ बुडविले नाहीत. म्हाइंभटांनी घालून दिलेली शिस्त त्यांच्या पश्चातही जिवंत राहिली, याची ही खूण होय. पुढे सकळ लिपीच्या आवरणात ही पोथी शतकानुशतके जपली गेली. विसाव्या शतकाच्या आरंभी, १९१० च्या सुमारास, इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी त्या लिपीची उकल बाहेरच्या जगासमोर मांडली, आणि १९३६-३७ मध्ये ह. ना. नेने यांनी लीळाचरित्र छापून प्रसिद्ध केले. तेव्हा मराठी वाचकांस कळले की आपल्या भाषेतील पहिले मोठे गद्य हे एका सत्यशोधकाने लिहिलेले चरित्र आहे.

सद्भक्त वाचकहो, आज आपण स्थानांचा महिमा सांगतो, महंतांची चरित्रे लिहितो, मठमंदिरांचे इतिहास छापतो, सभांतून आपल्या पूर्वजांची थोरवी गातो. यांपैकी किती आपण पारखून घेतो? ऐकीव गोष्ट पाहिलेली म्हणून सांगणे, आपल्या मठाचा मोठेपणा वाढविण्यासाठी वर्ष मागे नेणे, न आवडणारा प्रसंग गाळणे, हे दोष आपल्या हातून घडत नाहीत असे छातीवर हात ठेवून म्हणता येईल काय? श्रद्धेचे रक्षण असत्याने होते, हा मोठा भ्रम आहे. म्हाइंभटांची श्रद्धा आपल्याहून उणी नव्हती, आणि त्या श्रद्धेपोटीच त्यांनी एकही शब्द पदरचा घातला नाही.

पांचाळेश्वरी गंगेचा पूर येतो आणि जातो. गाळ साचतो आणि काढला जातो. स्थान मात्र हलत नाही, कारण ते कोणीतरी पाहून, विचारून, पडताळून नोंदविले आहे. आपल्याही वाणीवर आणि लेखणीवर साचणारा गाळ प्रत्येक पिढीने असाच काढीत राहावा, हीच म्हाइंभटांच्या ऋणाची फेड होय. त्यांच्या स्मरणास सादर दंडवत प्रणाम.