होस्टा युरोपात नेणारे डॉक्टर सिबोल्ड

सावलीत वाढणारा होस्टा मूळचा जपान, चीन, कोरियाचा. तो युरोपात रुजवण्यात फिलिप फ्रान्झ फॉन सिबोल्ड यांचा मोठा वाटा. जर्मनीत १७९६ मध्ये जन्मलेले हे डॉक्टर १८२३ मध्ये नागासाकीतील देजिमा बेटावर आले. रुग्णसेवा करताना त्यांनी वनस्पती जमवल्या. बंदी असलेले नकाशे सापडल्याने १८२९ मध्ये त्यांना जपान सोडावे लागले. लहान मुलगी मागे राहिली. पुढे हॉलंडमधील लायडनला त्यांनी जपानी रोपांची बाग केली. तिथली थंडी होस्टाला मानवली. १८६६ मध्ये म्युनिकला त्यांचे निधन झाले.

शेतकरी बंधूंनो, पट्टेरी पानांचा बुटका होस्टा मागवण्याआधी हे लक्षात घ्या : त्याला हिवाळ्यात कडक थंडीची विश्रांती लागते. नांदेड-लातूरला तो टिकणे अवघड. आपल्याकडे सावलीसाठी पट्टेरी स्पायडर प्लांट किंवा सिंगोनियम लावा.